चाकणची मेजवानी

आमच्या चाकणच्या घरातले स्वयंपाकघर आठ फूट बाय सहा फुटांचे आहे. त्यात एक ओटा, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आणि कोपऱ्यात फ्रिज. फ्रिजचे दार उघडायचे असेल तर आधी एका माणसाने बाहेर यावे लागते. अशा घरात एका संध्याकाळी मी सहज बोलून गेलो, की जिन्यावरच्या चारही घरांना एकदा जेवायला बोलवायचे. चहा-पोह्यांवर भागवायचे नाही, चांगले सात-आठ पदार्थांचे साग्रसंगीत जेवण घालायचे. बायको मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "चुली किती आहेत तुमच्याकडे?"

कवीला आजवर कोणी चुलींचा हिशेब विचारला नव्हता. मी विजेच्या बिलाच्या पाठीमागे आकडेमोड सुरू केली. आमच्यासकट माणसे सोळा, पदार्थ आठ, बर्नर दोन. त्यात पाहुण्यांची तऱ्हा अशी. समोर लातूरकडचे कुटुंब. नवरा कारखान्यात, कधी पहिली पाळी, कधी दुसरी. खाली केरळचे जोडपे आणि त्यांची मुलगी. त्यांच्या शेजारच्या घरात बिहारची तीन पोरे, सुट्या भागांच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. आणि आमच्या डोक्यावर राहणाऱ्या आजी, मुलगा-सुनेसह. त्या इथल्याच, गळ्यात तुळशीची माळ, आळंदीची वारी कधी न चुकवणाऱ्या. आम्ही मुसलमान. गणित सुटेना. वर्तमानात अडलो की मी मागे वळून बघतो, ही माझी जुनी खोड आहे. या वेळी ती कामाला आली.

आपला एक समज असतो, की अनेक पदार्थांचे जेवण म्हणजे मोठे घर, मोठा मुदपाकखाना आणि हाताखाली माणसे. एक पदार्थ संपला की बशी उचलायची, दुसरा आणायचा, ही साहेबी रीत आपण हॉटेलांत बघतो. पण खुद्द युरोपातही ती फार जुनी नाही. अठराव्या शतकापर्यंत तिथल्या बड्या घरांतही बरेचसे पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडून टाकत. एकामागून एक वाढत जाण्याची पद्धत १८१० च्या सुमारास पॅरिसमधल्या रशियाच्या वकिलाने, प्रिन्स कुराकिन यांनी, तिकडे नेली असे सांगतात आणि ती रुळायला पुढे काही दशके गेली. ज्याच्याकडे वाढायला नोकर, त्याचीच ही रीत. दोन बर्नरवाल्याने तिच्या नादी लागू नये.

आपले पान बघा. वर मध्यभागी मीठ. डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या हाताला भाज्या, उसळ, आमटी. मधे भात, त्यावर वरण. हे पान मी जन्मभर बघत आलो, पण बिलाच्या पाठीवर आकडे मांडताना पहिल्यांदा ध्यानात आले, की पानाची डावी बाजू जवळजवळ विस्तवाशिवाय होते. लोणचे सहा महिन्यांपूर्वीचे, चटणी आदल्या दिवशीची, कोशिंबीर वेळेवर कालवलेली, लिंबू तर झाडाने करून दिलेले. फोडणीपुरती धग सोडली तर चुलीवर भार पडतो तो उजव्या बाजूचा आणि मधल्या भाताचा. आठ पदार्थांतले चार इथेच उरकले. ज्या कोणा बायकांनी ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या घोटून पक्की केली, त्यांच्यापुढे दोनच बर्नरचा प्रश्न असणार.

दोनच म्हणजे खरोखर दोन. आपल्या मातीच्या चुलीला एक मुख्य तोंड आणि बाजूला वैल. चुलीत जाळ, आणि त्याची उरलेली धग वैलावर. भाकरी चुलीवर, तोवर डाळ वैलावर गदगदते. एकाच लाकडाच्या दोन आचा, एक मोठी, एक मंद. पुरणपोळीचेही तेच. डाळ एकदाच शिजवायची. तिचे पुरण होते आणि वरच्या पाण्याची कटाची आमटी. एका पातेल्यात दोन पदार्थ, तेही एक गोड आणि एक तिखट. कटाच्या आमटीला आपण चवीची गोष्ट समजतो. मला ती सरपणाच्या टंचाईतून निघालेली युक्ती वाटते.

या युक्त्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत. लिहून ठेवले ते राजांच्या ताटातले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे बाराव्या शतकात, राजाच्या जेवणाचे सविस्तर वर्णन आहे. मांडूच्या सुलतानाचा 'निमतनामा' १५०० च्या आसपासचा. त्यात तर पाककृतींसोबत चित्रेही आहेत. मराठीत घरच्या बाईसाठी घरच्या बाईने लिहिलेले मोठे पाकपुस्तक यायला १९१० साल उजाडले. ते लक्ष्मीबाई धुरंधरांचे. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि त्यांनी मापे दिली ती वाटी-चमच्याची, म्हणजे प्रत्येकीच्या ओट्यावर असतात ती.

मात्र सामान्य घरांनी एक कागदपत्र मागे ठेवले आहे, आणि ते पितळेवर कोरलेले आहे. आपल्या आजीच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावे आठवतात? घरातल्या घरात वापरायच्या तपेल्यावर नाव कशाला? ते भांडे घराबाहेर जाणार, दहा घरच्या भांड्यांत मिसळणार आणि परत यायला हवे, म्हणून. लग्न, बारसे, उरूस, काकडा, कारण काहीही असो, कोणाच्याही घरात शंभर पानांचे सामान नव्हते. ते आळीत होते. एकाचे घंगाळ, दुसऱ्याची परात, तिसऱ्याची कढई. मुंबईत १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, त्यातली एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, स्वयंपाकघर त्यातच. त्या खोल्यांतूनही लग्ने लागली आणि जेवणावळी उठल्या, त्या सामाईक गॅलरीच्या आणि शेजारणींच्या स्टोव्हच्या जिवावर.

गावाकडे तर मोठा स्वयंपाक घरात होतच नसे. अंगणात नाहीतर गल्लीत चर खणायचा, त्यात लाकडे घालायची, वर ओळीने पातेली. आमच्याकडे चराऐवजी तीन दगड आणि देग. दालचा-खाना, म्हणजे मटण घातलेली आंबट डाळ आणि भात, हे आमच्या लग्नातले जेवण. एका देगेत डाळ, एका देगेत भात. शंभर माणसे असोत की पाचशे. जागा कमी पडली की पंगती. पहिली उठली की दुसरी बसते. घर लहान असून मोठे जेवण घालायचे याचे पंगतीइतके सोपे उत्तर दुसरे नाही, आणि त्याची किंमतही ठरलेली आहे. शेवटच्या पंगतीला रांधणाऱ्या बाया, तळाशी उरेल ते घेऊन. आमच्या घरात बेत ठरताना बायकोने एकच अट घातली, "या खेपेला मी पहिल्या पंगतीला." मी बिलाच्या पाठीवर ते सर्वांत वर लिहिले.

आता या शेजारधर्माच्या गोष्टीत एक खडा आहे, तो दाताखाली आल्याशिवाय राहात नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरच्या लग्नात दोन ठिकाणी विस्तव असे. एक आमच्या देगांचा. दुसरी वेगळी चूल, गावातल्या हिंदू पाहुण्यांसाठी, हिंदू आचाऱ्याच्या हाती. आणि जे त्या चुलीवरचेही खाणार नाहीत, त्यांच्या घरी आदल्या दिवशी शिधा पोचवायचा: तांदूळ, डाळ, गूळ, तूप. ते लग्नाला येत, अक्षता टाकत, मानाचा विडा घेत आणि जेवत मात्र आपल्या घरी, आमच्याच तांदळाचे. कोणाला त्यात वावगे वाटत नसे. विशीत मला फार वाटले. त्या रागावर मी एक कविताही लिहिली होती. छापून आली, कोणी वाचली नाही.

कोणाच्या हातचे खायचे, यावर या महाराष्ट्रात केवढे रामायण झाले आहे! मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभासद होणाऱ्याने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी दीक्षा. सगळे गुप्त. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. पाव खाताना कोणी घाबरले नव्हते, घाबरले ते यादीला. पुढे १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कपाची ही कथा. आम्ही तर आठ पदार्थ करायला निघालो होतो.

आणि चाकणमध्ये निघालो होतो. चाकणचा किल्ला, संग्रामदुर्ग, म्हटला की आपल्याला १६६० आठवते. शाएस्तेखानाचा वेढा, भर पावसात पन्नासवर दिवस किल्ला लढवणारे फिरंगोजी नरसाळा, सुरुंगाने उडालेला बुरूज. ते आठवावेच. पण त्याच्याही दोनशे वर्षे आधी या किल्ल्यात एक मेजवानी झाली होती, ती सहसा कोणी सांगत नाही.

बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद बीदरला राज्य करीत होता. त्याच्या दरबारात दोन तट होते. एक दखनी, म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. दुसरे इराण, इराक, तुर्कस्तानातून नशीब काढायला आलेले. त्यांना म्हणत आफाकी, किंवा गरीब. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, मुलूख सोडून आलेला. मराठीत येईतो त्याचा अर्थ कंगाल असा झाला. परक्या मुलखात गेलेल्या माणसाचे बहुधा तेच होते. या परदेशी गटाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार कोकण जिंकायला निघाला आणि त्याने चाकणला तळ केला. खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, वाटेवर शिर्क्यांनी त्याला जंगलात नेऊन अडकवले आणि शंकररावाच्या माणसांनी फौज कापून काढली. हिजरी ८५७, म्हणजे इ. स. १४५३ मधली ही हकीकत.

वाचलेले परदेशी चाकणला परतले. ते आपली कुचराई सुलतानाच्या कानावर घालणार याची धास्ती मागे राहिलेल्या दखनी सरदारांना पडली, म्हणून त्यांनीच आधी बीदरला कळवले, की हे परके फितूर झाले आहेत. सुलतानाने हुकूम सोडला. चाकणला दोन महिने वेढा पडला. किल्ला पडेना, तेव्हा दखनी सरदारांनी सुलतानाने माफी दिल्याचे खोटे फर्मान दाखवले, कुराणावर हात ठेवून शपथ घेतली आणि तीन-चार दिवसांनी वेढ्यातल्या सरदारांना किल्ल्यात जेवायला बोलावले. पाहुणे बसले, पदार्थ मांडले गेले, खाणे सुरू झाले. मग इशारा झाला आणि लपवून ठेवलेली हत्यारबंद माणसे बाहेर आली. आत सरदार मारले जात असताना बाहेर त्यांची माणसे आणि पोरेबाळे कापली जात होती. कासीम बेग नावाच्या एका सरदाराने संशय येऊन मुक्काम लांब ठेवला होता, तो निसटून बीदरला पोचला. सुलतानाला खरे कळले आणि मग दखन्यांना शिक्षा झाल्या. मेलेले काही उठून आले नाहीत.

हे लिहून ठेवले फरिश्त्याने, सुमारे दीडशे वर्षांनी, विजापुरात बसून. तो स्वतः बाहेरून आलेला, म्हणजे मेलेल्यांच्या बाजूचा. त्याच्या लेखणीला थोडी धार जास्त असणार. तो मारल्या गेलेल्यांचे आकडेही देतो, ते मी इथे देत नाही. पण त्या किल्ल्याच्या ढासळलेल्या बुरुजावरून मी अनेकदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी एकच विचार येतो. मी दखनी आहे. माझी आई दखनी बोलायची. त्या जेवणाचा यजमान मी होतो.

'यजमान' हा शब्द मुद्दाम वापरला. आपण ज्याला मेजवानी म्हणतो तो शब्द फारसीतल्या 'मेजबान'वरून आला, आणि मेजबान म्हणजे यजमान. 'मुदपाकखाना' हाही मूळचा अरबी 'मतबख', त्यात आपण आपला 'पाक' बसवून घेतला. 'खानावळ' तर अर्धी तिकडची, अर्धी इकडची. भाषेने असे एका ताटात जेवायला केव्हाच सुरुवात केली. त्या मेजवानीत काय काय होते, ते फरिश्ता सांगत नाही. काय नव्हते ते मात्र आपण सांगू शकतो: मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता. पोर्तुगीज यायला अजून पन्नास वर्षे अवकाश होता. आज चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठी ओळखला जातो. त्यातला बटाटा नावासकट परका.

माणसेही तशीच आली. बजाज ऑटोचा कारखाना इथे १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपची रांग लागली. कांद्याच्या वावरांत इमारती आल्या, इमारतींत आमच्यासारख्यांची आठ-बाय-सहाची स्वयंपाकघरे. चहाच्या टपरीवर 'आपले' आणि 'बाहेरचे' हे शब्द मी रोज ऐकतो. बिहारच्या पोरांना जेवायचे सांगायला गेलो, तर त्यातल्या थोरल्याने आधी विचारले, "चाचा, काही झालंय का?" चार वर्षांत जिन्यावरच्या कोणी त्यांना घरात बोलावले नव्हते.

वर आजींकडे आम्ही दोघे मिळून गेलो. त्या म्हणाल्या, "भाभी, येईन की मी. पण माझं तुम्हाला ठाऊक आहे." बायको म्हणाली, "ठाऊक आहे. त्या दिवशी घरात मटण शिजणार नाही." आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तरी पण भांडी..." हे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. आम्हीही करू दिले नाही. जिना उतरताना माझ्यातला विशीतला कवी जागा होऊ लागला होता. बायको म्हणाली, "पुरणपोळ्या त्यांनाच करायला सांगू. आपल्या दोन चुलींवर सोळा माणसांच्या पोळ्या होणार आहेत का?" दुसऱ्या दिवशी तिने हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, तूप, वेलदोडे वर पोचवले. म्हणजे शिधाच. ज्या रिवाजावर मी कविता लिहिली होती, तो माझ्याच घरातून जिना चढून गेला. मला ते आवडले नाही. पण बिलाच्या पाठीवर दोन चुली वाढल्या होत्या.

मग गणित भराभर सुटत गेले. डावी बाजू शनिवारी रात्रीच तयार: ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचे. काकडीची कोशिंबीर चिरून ठेवली, मीठ मात्र वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटते. दालचा दुधी भोपळ्याचा, सकाळीच. तो मुरला की सुधारतो. आमच्या एका बर्नरवर बघाऱ्या वांग्यांचे कालवण, ते उतरले की त्याच जागी बगारा भात, अगदी शेवटी, कारण गरम लागतो तो तेवढाच. ज्वारीच्या भाकरी समोरच्या लातूरकर वहिनींच्या शेगडीवर. केरळच्या ताईंनी नारळाच्या दुधातला बटाट्याचा इष्टू स्वतःहून पत्करला. पोरांकडे पाच किलोच्या सिलिंडरची एकच शेगडी, तिच्यावर पापड. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. मुसलमानाच्या घरी जेवायला जायचे आणि बिर्याणी नाही! त्यांना ईदचे वचन द्यावे लागले.

पंगती दोन झाल्या. कारखान्याची पाळी सुटायच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे कोणाला मागे ठेवले असे वाटले नाही. पहिल्या पंगतीला बायको बसली आणि वाढायला मी. मी मीठ उजवीकडे वाढले, लोणचे भातावर. पोरांनी खाली मान घालून हसून घेतले. आजी आल्या, भिंतीला टेकून बसल्या. स्वतःच्या घरून आणलेल्या ताटलीत त्यांनी स्वतःची पोळी घेतली, आमच्या फ्रिजमधले दूध घेतले. बाकी कशाला हात लावला नाही. उठताना म्हणाल्या, "कोशिंबिरीला वास छान सुटलाय." ताटलीत घेतली नाहीच. त्यांची सून मात्र दालच्याची वाटी दोनदा भरून घेऊन गेली, आणि ते आजींनी पाहिले, काही बोलल्या नाहीत.

कटाची आमटी त्या पितळेच्या तपेल्यातून खाली आली होती. त्यावर ठिपक्यांनी त्यांच्या सासूबाईंचे नाव आहे. तपेले घासूनपुसून आमच्या ओट्यावर ठेवले आहे. भांडे रिकामे परत करायचे नाही, हे त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. काय घालून द्यावे, यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे. बायको म्हणते, शेवया. कोरड्या की दुधातल्या, ते तिने अजून सांगितलेले नाही.